नऊ हजार मुके पोपट

एका राज्यात पाऊस कधी पडे, कधी दडी मारी; पण बातमीचा दुष्काळ म्हणून कधी पडला नाही. ते राज्य व्यापाऱ्यांचं. साऱ्या व्यापाऱ्यांची मिळून एक राजश्रेणी होती आणि राजा मेघकेतू तिचा प्रमुख होता. श्रेणीचे तांडे उत्तरेला हिमाच्या घाटांपर्यंत आणि दक्षिणेला मिठाच्या वाळवंटापलीकडे जात. केशर, कापड, काचेचे मणी, जे जिथे नाही ते तिथे नेत. तांडा नेणाऱ्याला सार्थवाह म्हणत, आणि सार्थवाह परतला की पाय धुण्याआधी त्याला एक काम करावं लागे.

ते काम असं. दार लावून घ्यायचं, समोर एक पोपट घ्यायचा आणि प्रवासात जे जे पाहिलं ते त्याच्या कानात सांगायचं. कुठला घाट खचला, कुठल्या बाजारात कशाला मागणी, कुठला राजा वचनाला पक्का. पोपट एक अक्षर विसरत नसे. मग त्याची रवानगी शुकभांडारात. आणि जी बातमी दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही अशी जो आणील, त्याला राजा भर दरबारात जरीची शाल देई. शाल मिळाली की सार्थवाह ती बातमी जिवापाड जपे. बायकोला सांगत नसे, पोटच्या पोरांना सांगत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची!

असे नऊ हजार पोपट जमले. राजा परदेशी पाहुण्यांना ते मोठ्या कौतुकाने दाखवी. पण तांडे पूर्वी जिथे लुटले जात तिथेच लुटले जात, आणि जो घाट खचल्याचं पाच जणांना ठाऊक होतं, त्याच घाटात सहावा जाऊन पडे.

कारण भांडाराला शाप होता. राजाच्या आजोबांना कर्णमाला नावाच्या जादूगारणीने एकदा वाळवंटातली वाट सांगितली होती. आजोबांनी तिच्या हातावर शाल ठेवली आणि म्हणाले, "आता हे दुसऱ्या कोणाला सांगू नकोस." तिला राग आला. ती म्हणाली, "जे एकट्यासाठी ठेवाल, ते एकट्यासाठीच राहील." तेव्हापासून पोपट फक्त आपल्या धन्यापुढे बोले. दुसऱ्या कोणी विचारलं की जागच्या जागी दगड होई. धनी आला की पुन्हा पोपट. धनी मेला की कायमचा दगड. नऊ हजारांतले चार हजार असे दगड होते. त्यांच्यापुढेही रोज हिरवी मिरची ठेवली जाई, कारण राज्यकारभारात हयगय चालत नसे.

त्या मिरच्या मोजूनमापून ठेवी शुकाध्यक्ष गुणाकर. वय साठ, मिशा पांढऱ्या, चाल ताठ. तीस वर्षांपूर्वी तो स्वतः सार्थवाह होता. क्षारारण्यात, म्हणजे त्या मिठाच्या वाळवंटात, गोड्या पाण्याचा झरा एकट्या गुणाकराला सापडला होता, आणि त्या झऱ्यावर त्याने शाल मिळवली, अध्यक्षपद मिळवलं, उभा जन्म मान मिळवला. झरा कुठे आहे ते मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही. त्याची एकुलती एक लेक चित्रांगी या वर्षी प्रथमच तांडा घेऊन त्याच क्षारारण्यात निघाली, तेव्हा निरोप देताना शब्द त्याच्या जिभेवर आले होते. त्याने ते गिळले आणि म्हणाला, "सांभाळून जा. वाटेत विहिरी आहेत."

एके सकाळी भांडाराच्या कठड्यावर एक पांढरा बगळा येऊन बसला.

"शुकाध्यक्ष गुणाकर आपणच?"

"मीच."

"चित्रांगीने पाठवलं आहे. क्षारारण्यातल्या विहिरी कडू झाल्या. माणसं सत्तर. मी निघालो तेव्हा पाणी सहा दिवसांचं होतं. दोन दिवस मला यायला लागले."

"आणि जायला?"

"दोन."

म्हणजे हाती उरले दोन. गुणाकराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, बगळ्याला जवळ ओढलं आणि सवयीप्रमाणे त्याच्या कानात कुजबुजला, "तांबड्या टेकड्यांपाशी एक झरा आहे..." एवढं म्हणतो तोच बगळ्याचा उजवा पंख दगडाचा झाला.

बगळा म्हणाला, "कानात सांगितलेलं या राज्याची वेस ओलांडत नाही. आता मला उडताही येणार नाही."

गुणाकर तसाच दरबारात धावला. राजाने चाळीस सार्थवाहांना बोलावून विचारलं, "क्षारारण्यातल्या पाण्याविषयी कोणास काय ठाऊक आहे?" चाळीस जणांनी आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहिलं. कोणाला काय ठाऊक आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. आणि सांगायला लाज वाटते, पण गुणाकरानेही मान खाली घातली. तीस वर्षं मिटलेलं तोंड एका क्षणात उघडत नाही.

राजा म्हणाला, "ज्यांनी शाप दिला त्यांनाच विचारा."

कर्णमाला नगराबाहेरच्या टेकडीवर एका झाडाखाली राही. त्या झाडाला पानांच्या जागी कान होते. गुणाकर टेकडी चढू लागला तसे ते टवकारले. कर्णमाला सूत कातत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "सत्तर माणसं तहानेली आहेत आणि तू दुसऱ्यांना विचारत फिरतोस. स्वतः काय सांगितलंस?"

गुणाकराने हात जोडले. "शाप कसा उतरेल तेवढं सांगा."

"तीन कामं कर. जे तुझ्या एकट्याचं आहे ते चव्हाट्यावर सांग. त्याच जागेबद्दल आणखी दोघांकडून ऐक, आणि त्यांनी तुला खोटं पाडलं तरी उठून जाऊ नकोस. मग ज्याने ती वाट कधी पाहिली नाही, त्याच्याकडून ते सगळं वदवून घे, त्याच्या स्वतःच्या शब्दांत. तिन्ही झाली तर शाप उतरेल. एक राहिलं तर बगळा इथेच राहील."

"एवढंच?"

"एवढंच," कर्णमाला म्हणाली. "तुझ्या राजाच्या आजोबांना एवढंही जमलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाकर भर चौकात उभा राहिला. भाजीवाले, कासार, विणकर, सार्थवाह, सारा गाव जमला होता; राजाही आला होता आणि बगळ्यालाही उचलून आणलं होतं. शेजारी पिंजऱ्यात त्याचा स्वतःचा पोपट होता, पण धनी जवळ असूनही एवढ्या परक्यांपुढे तो दगड होऊन बसला होता.

"ऐका हो!" तो ओरडला. "क्षारारण्यात तांबड्या टेकड्या तीन. मधल्या टेकडीच्या डाव्या हाताला गोडा झरा आहे. मला तीस वर्षं ठाऊक आहे. माझी लेक तिथे पाण्यावाचून मरते आहे आणि मी तिलाही सांगितलं नाही!"

मग पिंजऱ्यातला दगड हलला, त्याने पिसं झटकली आणि सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात म्हणाला, "टेकड्या तीन! डाव्या हाताला!" लोक दचकून दोन पावलं मागे सरले.

पहिलं काम झालं. दुसरं आपल्या पायांनी चालत आलं. गर्दीतून वज्रबाहू पुढे झाला. हा सार्थवाह म्हणजे गुणाकराचा हाडवैरी. गेली वीस वर्षं दोघे एका पंगतीला बसले नव्हते.

"अध्यक्षांची विद्या शिळी झाली," वज्रबाहू म्हणाला. "टेकड्या आता दोनच आहेत. पहिली वाळूने गिळली, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि झरा डावीकडे नाही, उजवीकडे आहे."

"डावीकडे!" गुणाकर कडाडला.

"उजवीकडे!"

गुणाकराचा हात काठीकडे गेला. पण कर्णमालेचं दुसरं काम त्याला आठवलं, आणि तो मटकन चौकातल्या धुळीतच बसला. "बोला," तो म्हणाला. "मी ऐकतो आहे."

तेव्हा मंदाकिनी बोलली. सुया-मणी विकणारी ही विधवा; तिच्याजवळ अवघे चार बैल, म्हणून दरबारात तिला कोणी विचारत नसे. ती म्हणाली, "झरा आता वर वाहत नाही. पण तिथली रानगाढवं खुरांनी वाळू उकरून पाणी पितात. पहाटे त्यांचे ठसे धरून जायचं आणि त्यांनी उकरलेल्या जागी कमरेइतकं खणायचं. पाणी लागतं."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे तर गाढवांच्या पायांचे ठसे धरायचे होते! पण त्या चौकात कोणाला हसू आलं नाही.

बगळ्याचा पंख अर्धा मोकळा झाला. राजा अधीर झाला होता. तो म्हणाला, "शुकाध्यक्ष सर्वांत जाणते. त्यांचा शब्द प्रमाण. डावीकडे म्हणून निरोप द्या आणि बगळ्याला सोडा."

"महाराज, तिसरं काम राहिलं आहे," गुणाकर म्हणाला.

"वेळ कुठे आहे?"

"वेळ नाही म्हणूनच, महाराज. चुकीचा निरोप गेला तर दुसरा पाठवता येणार नाही."

वाड्यात पाणी भरणारी उमाई कडेवर घागर घेऊन उभी होती. जन्मात तिने गावची वेस ओलांडली नव्हती. गुणाकराने तिला पुढे बोलावलं आणि म्हणाला, "उमाई, आमचं तिघांचं ऐकलंस. आता तू सांग. तुला जायचं आहे असं समज."

उमाईने घागर खाली ठेवली. "मी कशाला बोलू मोठ्यांच्यात? बरं, सांगते. आधी टेकड्या गाठायच्या. तीन नाही, दोन. मग मधली कुठली? दोनात मधली कशी असेल, अध्यक्षबाबा?"

गुणाकर चपापला. "पहिली वाळूत गेली... म्हणजे आता जी पहिली दिसते ती."

"हां. तिच्या डाव्या हाताला. पण तोंड कुठं करून डावा?"

"तोंड घराकडे," गुणाकर म्हणाला. "मला झरा परतताना सापडला होता."

"मला जाताना," वज्रबाहू हळूच म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग भांडता कशाला?" उमाई म्हणाली. "मावळतीला आहे म्हणा की! दोघांचाही झरा एकच. आता पोरगी निघाली आहे जायच्या वाटेने. तुमचं डावीकडे ऐकून ती उगवतीला गेली असती नि खणून खणून मेली असती." मग मंदाकिनीकडे वळून तिने विचारलं, "पहिलं पाणी कसं लागतं, बाई? आमची विहीर गाळ काढल्यावर दोन दिवस मचूळ लागते."

"खारट लागतं," मंदाकिनी म्हणाली. "ते सांगायचंच राहिलं. मला ठाऊक, म्हणून वाटलं सगळ्यांना ठाऊक असेल. पहिल्या वीस घागरी उपसून टाकायच्या. मग गोड येतं."

उमाईने कमरेवर हात ठेवले आणि एका दमात सांगितलं, "दिसते ती पहिली टेकडी, तिच्या मावळतीला पहाटेचे गाढवांचे ठसे, उकरलेल्या जागी कमरेइतकं खणा, वीस घागरी फेका, एकविसावी प्या."

ती गप्प झाली आणि बगळ्याचा पंख पांढराशुभ्र होऊन फडफडला. निरोप घेऊन तो दक्षिणेला गेलासुद्धा.

आणि त्याच क्षणी भांडाराची दारं आपोआप उघडली. नऊ हजार पोपट एकदम बोलू लागले. चार हजार दगडांनीही पंख पसरले. ज्यांचे धनी कधीच गेले होते, त्यांच्या आवाजात ते घाट, नद्या, बाजार सांगू लागले. एक म्हातारी कासारीण आपल्या नवऱ्याचा आवाज ऐकून रस्त्यातच रडायला लागली. त्याने तिला आयुष्यभर काही सांगितलं नव्हतं. आता सारा गाव ऐकत होता.

एवढ्या गलक्यात कोणाला काय समजणार? म्हणून गुणाकराने भांडारातले पिंजरे मोडले आणि तिथे बैठका मांडल्या: एक घाटांची, एक पाण्याची, एक बाजारांची. निघणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथे बसायचं, पोपटांचं ऐकायचं, न गेलेल्या माणसाला समजावून सांगायचं, त्याने अडवलं तर पुन्हा विचारायचं. राजाने आज्ञा काढली की एकट्याला ठाऊक असलेल्या बातमीला यापुढे मान नाही. जिच्यामुळे दुसऱ्याचा तांडा वाचेल तिलाच मान. पाण्याच्या बैठकीची मुख्य उमाई झाली. वज्रबाहू तिच्यापुढे मांडी घालून बसू लागला, हेही नवलच म्हणायचं.

चौदाव्या दिवशी दक्षिणेच्या वेशीवर धूळ उठली. सत्तर माणसं मोजून घेतली, सत्तरच भरली. सर्वांत पुढे चित्रांगी होती. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, पण पाऊल ठाम. गुणाकर धावत गेला आणि तिच्यापासून चार हातांवर थांबला.

"बाबा," ती म्हणाली, "झरा तुम्हाला कधीपासून ठाऊक होता?"

"तुझ्या जन्माआधीपासून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

समोर सारा तांडा उभा होता, मागे सारा गाव. गुणाकराला खोटं बोलता आलं असतं. सबबीला नियम होता, राजाज्ञा होती, शाप होता. तो म्हणाला, "मला वाटायचं, सांगून टाकलं तर माझ्यापाशी उरेल काय?"

चित्रांगीने कमरेची कातडी बुधली सोडली, उरलेलं झऱ्याचं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं आणि म्हणाली, "प्या. सत्तर जण प्यालो, तरी उरलं."

म्हाताऱ्याने ओंजळ तोंडाला लावली, आणि तीस वर्षांनी त्याला ते पाणी पुन्हा गोड लागलं. त्या राज्याचे तांडे तेव्हापासून वाट चुकले नाहीत; ऐकणाऱ्यांचेही न चुकोत.