गोळी सोडलेल्या चातुर्मासाची कहाणी

ऐका चातुर्मासा, तुमची कहाणी. एक आटपाट नगर. तिथं द्वारका नावाची सून. तिच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली, ती कापून काढली. मग डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. म्हणाल्या, "रोज एक, पाच वर्षं. गाठ परत येऊ नये म्हणून. खंड पाडू नकोस."

द्वारका गोळी घेई. अंगातून वाफा निघत, घाम फुटे, गुडघे धरत. सासू म्हणे, "कापलं ना एकदा? मग रोजचं नाटक कशाला?" नणंद म्हणे, "वहिनी, भाकरी तुमच्या अंगावरच भाजू का?" नवरा म्हणे, "मला थंडी वाजते," आणि पंखा बंद करी. द्वारका पदरानं वारा घेई.

मग आषाढ आला. बायकांनी नेम धरले. कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा सोडला. सासू म्हणाली, "सूनबाई, तू गोळी सोड. देवाला पोचेल." द्वारकेनं सोडली. मग वाफा थांबल्या, घाम थांबला, गुडघे मोकळे झाले. सासू गावभर सांगत सुटली, "बघा, देव पावला!"

कार्तिकात द्वारका तपासणीला गेली. खरं ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन आपटलं. "अगं, देवानं तुझं औषध कधी मागितलं? वांगं पुरेना का त्याला? आज गाठ दिसत नाही, पण उद्याची हमी कोण देणार? त्रास होता तर मला सांगायचं. गोळी बदलता येते. सकाळी चाललीस तर गुडघेही सैल होतील. पण आपल्या मनानं सोडायची नाही!"

द्वारका घरी आली. उद्यापनाला बायका जमल्या होत्या. तिला रडू आलं नाही, संताप आला. "आत्याबाई, तुमच्या नेमात माझा जीव घातलात! आता सोडायची पाळी तुमची. तुम्ही टोमणे सोडा. वन्सं, तुम्ही हसणं सोडा. आणि अहो, तुम्ही पंख्याचं बटण सोडा, गोधडी घ्या!"

मग नवऱ्यानं पंखा लावला, गोधडी शोधली. नणंदेनं पाण्याचा तांब्या आणला. सासूनं गोळी हातावर धरली. "घे बाई. माझं चुकलं."

"रोज तुम्हीच द्यायची," द्वारका म्हणाली. "पाच वर्षं भरेपर्यंत."

सासू उतली नाही, मातली नाही, दिला शब्द टाकला नाही. पाच वर्षं भरेपर्यंत रोज गोळी दिली. सुनेबरोबर चालायलाही गेली. द्वारकेला घाम आला, पण कुणी हसलं नाही. ती सुखरूप राहिली. तिला जशी घरची माणसं लाभली, तशी ऐकणाऱ्या सगळ्यांना लाभोत. आणि तिच्याइतका उशीर कुणाला न होवो. ही साठां टोमण्यांची कहाणी पांचा वर्षांच्या नेमानं सुफळ संपूर्ण.