वेशीवरची उभी ठकाई

खैरंज शहराच्या एसटी स्टँडमागे जुन्या वेशीची एक कमान अजून उभी आहे. कमानीच्या डाव्या अंगाला, चिंचेखाली, कमरेइतक्या उंचीचा एक काळा दगड आहे. शेंदूर लावलेला, एक पाऊल पुढे टाकून थांबल्यासारखा. ही ठकाई. देऊळ म्हणावं तर भिंती नाहीत, टेकायला ओटाही नाही. नगरपालिकेने मध्यंतरी दोन सिमेंटचे बाक आणून ठेवले होते. त्यांवर कोणी बसेना, तेव्हा ते उचलून बाजारात नेले. इथं आलेला माणूस उभ्यानेच हात जोडतो आणि उभ्यानेच निघतो.

बसमधून उतरलेले पाहुणे कमानीपाशी येतात आणि विचारतात, ‘एक दिवस आहे हाताशी. खैरंजमध्ये पाहण्यासारखं काय आहे?’ ठकाईची पूजा पिढ्यान्‌पिढ्या अंबादास गुरवांच्या घराण्याकडे आहे. आता ऐंशीला टेकलेले अंबादास काठीवर भार देतात आणि कुठलंही ठिकाण सांगण्याआधी ही हकिकत सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, घाटाखालून मीठ आणणारे बैलांचे तांडे या वेशीतून गावात शिरत. वेशीवर पाणपोई होती. ठकाई नवव्या वर्षी लग्न होऊन इथं आली आणि पाणपोई राखणं हे तिच्या सासरचं काम होतं. पुढे सासू गेली, नवरा गेला, आणि रांजणांशेजारची जागा तिच्याकडे आली. घर ते विहीर, विहीर ते वेस. तीस वर्षांत तिची पावलं यापलीकडे पडली नव्हती.

जीभ मात्र सगळीकडे फिरून आलेली. वाटसरू पाणी पिता पिता जे बोलत, ते ती कानात साठवून ठेवी आणि पुढच्या वाटसरूला सांगे. नदीचा घाट कसा, पिराचा निंब केवढा, डोंगरावरच्या मोरकुंडाचं पाणी किती गोड. सांगणं असं, की बाई सकाळीच जाऊन आलीय असं वाटावं. लोक जात, पाहत, परतताना तिला दुवा देत. डोंगरावर गेलेले मात्र पलीकडूनच उतरून पुढे जात, ते वेशीवर परतत नसत. ‘काय बघायचं ते ठकाईला विचारा,’ असं गावच म्हणू लागलं. आपण यातलं काहीच पाहिलेलं नाही, हे पुढे पुढे तिला स्वतःलाही आठवेनासं झालं, असं सांगतात.

एका चैत्रात सगुणा नावाची कासारीण वेशीवर आली. पन्नाशीची बाई, डोक्यावर बांगड्यांची पाटी. तिने पाटी उतरवली, दोन तांबे पाणी प्यायली आणि म्हणाली, “बाई, आख्खा जन्म गावोगाव हिंडण्यात गेला. पण बायकांच्या मनगटांशिवाय काही पाहिलं नाही. आज बाजार नाही, दिवस मोकळा आहे. एक ठिकाण सांग, जन्मभर लक्षात राहील असं.”

ठकाईने हात वर करून घोडेबारीचा डोंगर दाखवला. “मोरकुंडावर जा. वर गेलीस की सात परगणे दिसतात.”

“पाणी घेऊ का संगती?”

“ओझं कशाला? कुंडाचं पाणी शहाळ्यासारखं आहे.”

सगुणेने पाटी ठकाईच्या हवाली केली. ऊन कलताना येते म्हणाली आणि रिकाम्या हातांनी, पोरीसारखी झपझप चालत गेली.

ऊन कललं. ठकाई रस्त्याकडे बघू लागली. कोणाचं पाऊल वाजलं की उठायची, दुसरंच कोणी निघालं की बसायची. वाऱ्याने पाटीतल्या बांगड्या किणकिणल्या की दचकून डोंगराकडे बघायची. शेवटी डोंगराकडून मेंढरं घेऊन एक धनगर उतरला. तिने रांजणांशेजारून उठून विचारलं, “दादा, मोरकुंडावर कोणी बाई दिसली का?”

“मोरकुंडावर कशाला जाईल कोणी? पाच सालं झाली, कुंड ठणठणीत कोरडं आहे. पायऱ्यासुद्धा ढासळल्यात.” मग तो तिच्याकडे बघतच राहिला. “तुला ठाऊक नाही?”

ठकाईने घागर भरली, डोक्यावर घेतली आणि निघाली. धनगराने मेंढरं वेशीत सोडली आणि तोही मागोमाग निघाला. तिला डोंगराची वाटच माहीत नव्हती. ज्या वाटेने तिने शेकडो माणसं धाडली होती, त्या वाटेवर ती दर वळणाला धनगराकडे बघत होती.

सगुणा कुंडाच्या तळाशी सापडली. पाण्याच्या आशेने उतरताना पायरी निसटली होती आणि गुडघ्याखाली पाय मोडला होता. हाताच्या नखांनी तिने तळाची माती उकरली होती. ठकाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीने पाणी पाजलं. थोडी धुगधुगी आल्यावर सगुणेने विचारलं, “बाई, तू इथं कधी आली होतीस?”

“नाही.”

“मग सांगितलंस कसं?”

त्या विचारण्यात राग नव्हता, म्हणे. तो असता तर बरं झालं असतं.

धनगराने तिला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. ठकाईने आपल्या घरात तिचं अंथरूण घातलं. वैदूने पाय बांधला, पण जखमेत विष भरत चाललं होतं आणि ताप उतरत नव्हता. दुसऱ्या दिवशी ठकाईने तिचे पाय धरले. “काय करू म्हणजे हे फिटेल, ते सांग.”

सगुणेने डोळे उघडले. मग म्हणाली, “माझा दिवस राहिला. आता माझ्याच्याने उठवत नाही. तू जा. पाहून ये आणि मला सांग. पण ऐकलेलं सांगू नकोस.”

पाणपोईवर शेजारणीला बसवून ठकाई निघाली. पहिल्या दिवशी नदीच्या घाटावर गेली आणि येऊन सांगू लागली, घाट मोठा आहे, पाणी निवळ आहे. सगुणेने डोळे मिटूनच विचारलं, “पायऱ्या चढताना गुळगुळीत लागतात की खरबरीत?” ठकाई तशीच परत गेली, अनवाणी घाट चढली-उतरली आणि आली. “मधल्या गुळगुळीत आहेत. कडेच्या खरबरीत. कडेला कोणी चालत नाही.” सगुणा हसली. पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

मग हेच सुरू झालं. साळी आळीत गेली तर सगुणा विचारी, मागाचा आवाज कसा येतो. पिराच्या निंबाखाली गेली तर विचारी, सावलीत कोण बसलं होतं. ठकाई जाई, येई, पुन्हा जाई. पायांना फोड आले, फुटले. अन्नावर वासना राहिली नाही. घरात असली की बाहेर राहिलेलं आठवे, बाहेर असली की घरातला ताप आठवे. कुठे टेकलं की अंगाखाली निखारे ठेवल्यासारखं होई. पण याच आठ दिवसांत तिने आपलं गाव पाहिलं. तीस वर्षं त्याच्या दारात बसून जे पाहिलं नव्हतं, ते. आणि ते आपल्या थापांपेक्षा देखणं आहे हे कळून तिला जास्तच रडू येई.

नवव्या दिवशी ती नदीपलीकडचा वड पाहून आली. सगुणेचा आवाज अगदी बारीक झाला होता. “पारंब्या किती टेकल्यात भुईला?”

“मोजल्या नाहीत गं.”

“मग मोजून ये.”

ठकाईचा पाय निघेना. सगुणेच्या कपाळावर हात ठेवून ती म्हणाली, “आज राहू दे. मी बसते तुझ्यापाशी.”

“बसू नकोस,” सगुणा म्हणाली. “मला ऐकायचंय.”

ठकाई पळत गेली. एकदा मोजल्या, खात्री वाटेना, प्रत्येक पारंबीला हात लावून पुन्हा मोजल्या. सतरा. नदी ओलांडून, फुटलेल्या पायांनी, ओठांत तो आकडा घोळवत ती परत आली. दारात शेजारणी जमल्या होत्या. त्यांनी तिला वाट करून दिली. सगुणेचं तोंड दाराकडे होतं.

ठकाई उंबऱ्यातच उभी राहिली. शेजारणी म्हणाल्या, बस गं, घोटभर पाणी घे. ती बसली नाही. सगुणेला अग्नी दिल्यावर ती तडक वेशीवर गेली. तिथं मिठाच्या तांड्यातला एक म्हातारा पाणी पीत होता. ठकाई त्याला म्हणाली, “नदीपलीकडे वड आहे. सतरा पारंब्या भुईला टेकल्यात. चल, दाखवते.” म्हातारा बिचारा उठला आणि तिच्यामागे गेला.

त्यानंतर ती कधी बसली नाही, असं सांगतात. जिथं स्वतःचं पाऊल पडलं नाही, ते ठिकाण कोणाला सांगणार नाही, आणि जे सांगेन तिथं सोबत जाईन, असा तिने नेम केला. सगुणेच्या बांगड्या तिने गावातल्या लेकीबाळींना भरल्या. पुढे बावीस वर्षं ती अशी चालली. एका सकाळी पाणी भरायला आलेल्या बायकांनी पाहिलं, ठकाई चिंचेखाली नेहमीसारखी निघायच्या बेतात उभी होती. हाक मारली, तर ओ आली नाही. हात लावला, तर दगड.

आजही खैरंजात कोणाला पाहण्यासारखं ठिकाण विचारलं, तर रिक्षावाला असो की कॉलेजातली मुलगी, आधी ‘मी गेलोय’ किंवा ‘मी गेलेय’ म्हणतात आणि मगच नाव घेतात. न पाहिलेल्या ठिकाणाची तारीफ इथं कोणी करत नाही. निदान पहिल्या वळणापर्यंत तरी पाहुण्याबरोबर चालत जातात. घाई असली तरी जातात.

परवा एका जोडप्याने ही हकिकत ऐकून घेतली आणि अंबादास गुरवांना विचारलं, “आजोबा, बायपासच्या पलीकडे नवीन बाग झालीय म्हणतात, कारंजी आहेत. चांगली आहे का?”

अंबादासांनी ठकाईकडे पाहिलं. मग काठी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाले, “मी गेलेलो नाही. चला.”