झिपरी खार आणि निळा घोडा

एक होता माळ. माळावर एक चिंच. चिंचेवर राहायची झिपरी खार, तिची आई आणि तिचे बाबा.

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पाळणे विजेवर फिरत नसत. माणसं ते हातानं ढकलायची. वर्षातून एकदा माळावर जत्रा यायची. चार दिवस राहायची आणि जायची.

आज जत्रेचा शेवटचा दिवस. तिघं चिंचेवरून उतरली. सुर्र, सुर्र, सुर्र.

आधी बसली झोपाळ्यात. सूंऽऽ वर. सूंऽऽ खाली.
आई म्हणाली, "अगं बाई, पोटात गोळा आला."

मग बसली आकाशपाळण्यात. वर, वर, वर.
बाबा म्हणाले, "ती बघ आपली चिंच. केवढीशी दिसते." एवढं बोलून बाबांनी डोळे गच्च मिटले.

मग आला लाकडी घोड्यांचा पाळणा. सगळ्यात छोटा घोडा निळा. झिपरी सकाळपासून त्याच्याकडेच बघत होती. त्याच्यावर अगदी पुढे बसायचं. त्याचे कान धरायचे.

झिपरीचा नंबर आला. झिपरी चढली. पाळणेवाल्या गणबादादानं पाळणा ढकलला.

कर्र... कर्र... कर्रर्र.

पाळणा थांबला. निळा घोडा हललासुद्धा नाही.

झिपरीच्या मिशा थरथरल्या.
आई म्हणाली, "चल बाळा, घरी जाऊ. उद्या जत्रा नाही, काय करणार?"
झिपरी म्हणाली, "थोडं थांब ना, आई."
बाबा म्हणाले, "ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं की निघायचं हं."

झिपरी म्हणाली, "गणबादादा, गणबादादा, पाळणा फिरवा ना."
गणबादादा म्हणाला, "पाळणा करकरतोय. तेल आण, मग फिरवतो."

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
पुढे भेटली भजीवाली आवडाकाकू.
"काकू, काकू, तेल द्या.
तेल पाळण्याला.
पाळणा फिरणार, मी घोड्यावर बसणार."
काकू म्हणाली, "माझी चूल विझलीय गं. चिपाडं आण, मग देते."

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
पुढे भेटला उसाच्या रसाचा सोपानमामा.
"मामा, मामा, चिपाडं द्या.
चिपाडं चुलीला,
तेल पाळण्याला.
पाळणा फिरणार, मी घोड्यावर बसणार."
मामा म्हणाला, "वाळकी चिपाडं ढीगभर आहेत. पण चरकाचा बैल बसलाय. त्याला उठव, मग देतो."

झिपरी बैलाजवळ गेली. बैलाचं नाव कवड्या. तो डोळे मिटून रवंथ करत होता. चबक, चबक.
"कवड्यादादा, कवड्यादादा, उठा ना.
बैल चरकाला,
चिपाडं चुलीला,
तेल पाळण्याला.
पाळणा फिरणार, मी घोड्यावर बसणार."
कवड्या म्हणाला, "मी ढोलावर चालतो. ढोल थांबला, मी बसलो. ढोल वाजू दे, मग उठतो."

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आता तिचे पाय दुखायला लागले.
पुढे भेटला ढोलवाला शिदूकाका.
"काका, काका, ढोल वाजवा.
ढोल बैलाला,
बैल चरकाला,
चिपाडं चुलीला,
तेल पाळण्याला.
पाळणा फिरणार, मी घोड्यावर बसणार."
काका म्हणाला, "माझी तानी रडतेय. ती रडली की माझे हात चालत नाहीत. तिला हसव, मग वाजवतो."

ढोलामागे बसली होती तानी. दोन वर्षांची तानी. नाक लाल, गाल ओले. ऊंऽऽ, ऊंऽऽ.

झिपरी म्हणाली, "ताने, ताने, हस ना.
हसू काकाला,
ढोल बैलाला,
बैल चरकाला,
चिपाडं चुलीला,
तेल पाळण्याला.
पाळणा फिरणार, मी घोड्यावर बसणार."

तानी आणखी जोरात रडली. "मला... निला घोला... पायजे."

तानीलासुद्धा तोच घोडा हवा होता.

ऊन चिंचेच्या निम्म्यावर गेलं होतं.

झिपरीनं विचार केला. खूप विचार केला. मग हळूच म्हणाली, "ताने, आपण दोघी बसू."
तानीनं डोळे पुसले. "मी पुधे?"
पुढची जागा तर झिपरीला हवी होती. सकाळपासून हवी होती.
"बरं," झिपरी म्हणाली. "तू पुढे, मी मागे."

तानी हसली. खुदुखुदु, खुदुखुदु.

तानी हसली, काकानं ढोल वाजवला. ढुम ढुम ढुमाक.
ढोल वाजला, कवड्या उठला. घुंगरं खुळखुळ, खुळखुळ.
कवड्या उठला, मामानं चिपाडं दिली. सरसर, सरसर.
चिपाडं आली, चूल पेटली. भजी पडली कढईत. चुर्रर्र.
चूल पेटली, काकूनं तेल दिलं. पळी भरून दिलं.
तेल मिळालं, गणबादादानं पाळण्याला घातलं. टिप, टिप, टिप.

गणबादादानं पाळणा ढकलला. कर्र झालं नाही. काहीच झालं नाही. पाळणा गुपचूप निघाला.

गर गर गर. गर गर गर.

तानी पुढे. तिनं घोड्याचे दोन्ही कान धरले. झिपरी मागे. तिनं तानीचं झबलं धरलं. आई फिरली, बाबा फिरले, चिंच फिरली, अख्खा माळ फिरला. झिपरीच्या पोटात गुदगुल्या झाल्या.

ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं. पाळणा थांबला. तानी काकाच्या कडेवर बसली. तिनं हात हलवला.

दुसऱ्या दिवशी माळ रिकामा. गणबादादानं घोडे गाडीत घातले. गाडी गेली. मागे धूळ राहिली, तीही बसली.

आता झिपरी म्हातारी झालीय. आता माळावर मोठ्ठे पाळणे येतात. दिव्यांचे, विजेचे. झिपरीची नातवंडं येऊन तिला चिकटून बसतात.
"आजी, आजी, निळा घोडा किती वेळ फिरला?"

झिपरी डोळे मिटते. जरा डुलते.

"अजून फिरतोय," ती म्हणते.

पाळणा गेला गावाला, गोष्ट आली झोळीत. आता उतरा खाली, हळूच.