ओव्याची पुरचुंडी

स्वस्त औषधाला खोटं ठरवणारे लोक प्रत्येक राज्यात असतात, आणि बहुधा ते मऊ गादीवर बसलेले असतात.

अशाच एका संस्थानात सर्दी-पडशाची साथ आली. कुंभारवाड्यातली भिवराबाई आल्या-तुळशीचा काढा आणि ओव्याची वाफ देऊ लागली. तिच्या दारात रांग लागली, तेव्हा राजवैद्य त्र्यंबकशास्त्रींनी तिला दरबारात उभं केलं.

"महाराज, ही बाई लोकांना नुसतं गरम पाणी देते. हिची चूल कायमची विझवा! माझी सुवर्णमात्रा मी रोज घेतो. बारा वर्षांत एक शिंक नाही!"

शास्त्रीबुवांचा आवाज नाकातून येतोय, हे भिवराबाईने तेवढ्यात हेरलं. तिने घरून उकळता हंडा आणवला आणि त्यांच्यापुढे ठेवून झाकण काढलं. ओव्याची पुरचुंडी तळाशी होती.

"शास्त्रीबुवा, तुम्हीच वास घेऊन सांगा, यात काय आहे?"

शास्त्रीबुवांनी वाकून वाफ ओढली. "काही नाही! पाणी आहे पाणी!"

दिवाणजी तोवर ओव्याच्या झणक्याने डोळे पुसत होते.

"महाराज," भिवराबाई म्हणाली, "ओव्याचा वास दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत गेला, तो बुवांना आला नाही. माझ्या वाफेने आजार पळत नाही, चोंदलेलं नाक तेवढं मोकळं होतं. चूल विझवायचीच असेल, तर आधी यांना वाफ घेऊ द्या."

महाराज खो खो हसले. "चूल पेटती राहू दे!"

शास्त्रीबुवा पुन्हा हंड्यावर वाकले, तसा चोपदार त्यांच्या कानाशी म्हणाला, "बुवा, रांग कुंभारवाड्यापासून आहे."