गोगुलीचा थेंब आणि रिकामी पेटी

चिकूपुरात होता एक नळ. नळाखाली राहायची एक गोगलगाय. नाव तिचं गोगुली. घर तिचं पाठीवर.

रोज सकाळी नळ म्हणायचा, टप! एक थेंब पडायचा. तो थेंब गोगुलीचा. गोगुली तो प्यायची, न्हायची, आणि खूश व्हायची.

एके दिवशी काय झालं? टप नाही. टिप नाही. काहीच नाही!

लोक म्हणतात, गोगलगाय आणि पोटात पाय. पण हिच्या पोटात कुठले पाय? हिच्या पोटात नुसती तहान!

गोगुली म्हणाली, "नळा नळा, थेंब दे. माझा घसा सुकला!"

नळ म्हणाला, "टाकी पाणी देईना. मग मी थेंब कुठून देऊ?"

गोगुली गोंधळली. एक शिंग इकडे, एक शिंग तिकडे. पण निघाली. सरक सरक सरक.

"टाकी टाकी, पाणी दे. नळ थेंब देईना, माझा घसा सुकला!"

टाकी म्हणाली, "मोटार पाणी चढवीना. मग मी पाणी कुठून देऊ?"

गोगुली गोंधळली. एक शिंग इकडे, एक शिंग तिकडे. सरक सरक सरक.

"मोटारी मोटारी, पाणी चढव. टाकी पाणी देईना, नळ थेंब देईना, माझा घसा सुकला!"

मोटार म्हणाली, "येसूकाका बटण दाबीनात. मग मी पाणी कसं चढवू?"

सरक सरक सरक. येसूकाका घरीच होते. ओट्यावर बसून शेंगा सोलत होते.

"येसूकाका येसूकाका, बटण दाबा. मोटार पाणी चढवीना, टाकी पाणी देईना, नळ थेंब देईना, माझा घसा सुकला!"

येसूकाका म्हणाले, "काय करू बाळे? नगरपालिकेने खर्च कमी केला. मला म्हणाले, घरी बस! अध्यक्षबाई बोलवीनात. मग मी बटण कसं दाबू?"

खर्च कमी केला? मग पाणी का कमी झालं? गोगुली फारच गोंधळली. एक शिंग इकडे, एक शिंग तिकडे. सरक सरक सरक.

नगरपालिकेत बसल्या होत्या अध्यक्षबाई. त्यांच्या मांडीवर होती एक पत्र्याची पेटी. पेटी उघडी आणि बाईंचं तोंड उतरलेलं.

"अध्यक्षबाई अध्यक्षबाई, येसूकाकांना बोलवा. येसूकाका बटण दाबीनात, मोटार पाणी चढवीना, टाकी पाणी देईना, नळ थेंब देईना, माझा घसा सुकला!"

बाईंनी पेटी उलटी केली. आत काय? एक कोळी. तोही निघून गेला.

"बघ गं, पेटी रिकामी! ज्याला घर, त्याने पेटीत घराची पट्टी, म्हणजे गावासाठी पैसे, टाकायची. मोठ्या घराची मोठी पट्टी, छोट्या घराची छोटी पट्टी. त्यातूनच नळ, त्यातूनच दिवे. पूर्वी जो पट्टी भरायचा नाही, त्याच्या दारात आम्ही ढोल वाजवायचो. ढब ढब ढब! सगळी गल्ली बघायची. आता ढोलवालाही घरी बसवला. न्हानूमामा पट्टी भरीनात. मग मी येसूला कशी बोलवू?"

सरक सरक सरक. न्हानूमामा शिंपी. गळ्यात टेप, तोंडात दोरा. मशीन चालली होती, खडखड खडखड.

"न्हानूमामा न्हानूमामा, पट्टी भरा. अध्यक्षबाई बोलवीनात, येसूकाका बटण दाबीनात, मोटार पाणी चढवीना, टाकी पाणी देईना, नळ थेंब देईना, माझा घसा सुकला!"

मामांनी दोरा थुंकला. "वा गं वा! नळ थेंब देईना. मग मी पट्टी कशाला भरू?"

हात् तिच्या! गोगुली परत नळाकडे. सरक सरक सरक.

"नळा नळा, थेंब दे. न्हानूमामा पट्टी भरीनात, अध्यक्षबाई बोलवीनात, येसूकाका बटण दाबीनात, मोटार पाणी चढवीना, टाकी पाणी देईना, नळ थेंब देईना..."

"अगं, नळ म्हणजे मीच!" नळ म्हणाला.

आता काय करायचं? कुणाला विचारायचं? गोगुलीला गरगरलं. घसा तर अगदी कोरडा. तिला रडूच आलं. तिने शिंगं आत घेतली, डोकं आत घेतलं, आणि गेली घरात.

घरात?

गोगुलीने पटकन डोकं बाहेर काढलं. "अगंबाई! मलापण घर आहे!"

घरात एका कोपऱ्यात होता मोहरीचा एक दाणा. उद्याच्या जेवणाचा. तिने तो पाठीवर घेतला आणि निघाली. सरक सरक... थांबली. सरक सरक... पोचली.

"अध्यक्षबाई अध्यक्षबाई, ही घ्या माझी पट्टी. घर छोटं, म्हणून पट्टी छोटी."

दाणा पेटीत पडला. टिण्!

बाईंना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्यांनी पेटीच बडवली. ढब ढब ढब! ढब ढब ढब!

आवाज गेला गल्लीगल्लीत. न्हानूमामांनी मशीन थांबवली. "अरे बापरे! ढोल आला! आता माझ्या दारात वाजणार!"

मामा पळत सुटले. टेप गळ्यात, चप्पल एकाच पायात. "दारात नको हो! भरतो, भरतो!" त्यांच्या मागे सायकलवाला, सायकलवाल्याच्या मागे भाजीवाली. सगळे ओरडतायत, "आम्हीपण भरतो! दारात नको!"

मामांनी पट्टी भरली. पेटी म्हणाली, खुळखुळ!
अध्यक्षबाईंनी बोलावलं, "येसू, ये रे!"
येसूकाकांनी बटण दाबलं. खट!
मोटारीने पाणी चढवलं. घुर्रर्र!
टाकीने पाणी दिलं. धबधब!
आणि नळ म्हणाला... फुस्स.

फुस्स? नळाभोवती जमलेले सगळे बघत राहिले. फुस्स, फुस्स, टिप...

तेवढ्यात न्हानूमामांनी नळाखाली बादली लावली!

"बादली उचला!" अध्यक्षबाई ओरडल्या. "पहिली पट्टी कुणाची?"

"गोगुलीची!" येसूकाका म्हणाले.

"मग पहिला थेंब कुणाचा?"

न्हानूमामांनी खाली मान घातली आणि बादली उचलली. "गोगुलीचा."

टप!

गोगुली प्यायली. गोगुली न्हाली. तिची शिंगं झाली सरळ. मग ती म्हणाली, "मामा, आधी पाणी की आधी पट्टी?"

मामांनी डोकं खाजवलं. येसूकाकांनी डोकं खाजवलं. अध्यक्षबाईंनीही खाजवलं.

गोगुली परत गोंधळली. एक शिंग इकडे, एक शिंग तिकडे. मग ती घरात गेली आणि झोपली. चिकूपुरातलं सगळ्यात छोटं घर, पण त्याची पट्टी सगळ्यात आधी भरलेली!

थेंब गेला पोटात, गोष्ट गेली पांघरुणात.