चोविसाने भागलं

"गुरुजी, सगळा वर्ग मिळून एकच चूक करतो, असं कधी होतं का?"

तुळशीराम गुरुजी ओट्यावर बसले होते. कामिनी त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता गावातल्याच शाळेत सहावीची बाई. तिच्या उपक्रमांचं तालुक्यात कौतुक व्हायचं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"काय शिकवत होतीस?"

"दशांशाचा भागाकार. दिवाळीची सुट्टी लागायची, म्हणून चिवड्यावर घेतला. घरून करून नेला. तराजू नेला, मुलांकडून कागदाची पाकिटं करून घेतली. चिवडा ३.४५ किलो, पट तेवीस. प्रत्येकाला ०.१५ किलो. कसं सुटसुटीत!"

"मग?"

"सगळ्यांनी चोविसाने भागलं. उत्तर सरळ येईना, तरी भागतच राहिली. ०.१४३७५! तेवीस घेतले असते तर दोन ओळींत सुटलं असतं."



"चोविसावा कोण?"

"...आदेश. श्रावणात तळ्यात बुडाला तो."

"तू काय केलंस?"

"फळा पुसला. म्हटलं, पट तेवीस आहे, पुन्हा भागा. मुलांनी मुकाट्याने भागलं. पाकिटं भरली."

तिचा आवाज खाली आला.

"मी हात धुऊन परत आले, तर एकेक जण उठत होता. आपल्या पाकिटातला चिमूटभर चिवडा आदेशच्या जागेवर ठेवत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, गुरुजी..."

तिने पिशवीतून एक पुडी काढली.

"याचं मी काय करू?"

गुरुजींनी पायात चपला सरकवल्या.

आदेशच्या आईने, सिंधूने, दार उघडलं. त्या घरात यंदा फराळाची कढई चढली नव्हती. कामिनीने पुडी पुढे केली.

"पोरांनी धाडलंय," गुरुजी म्हणाले. "आदेशच्या वाट्याचं."

सिंधूने पुडी कपाळाला लावली. मग पुडी सोडून तिने आधी गुरुजींच्या हातावर चिवडा ठेवला, मग कामिनीच्या. स्वतः चार दाणे तोंडात टाकले.

"मीठ बेताचं झालंय, बाई," ती म्हणाली, आणि उंबऱ्यातच खाली बसली.

कामिनी तिच्याजवळ बसली. दोघी रडल्या.

परतताना कामिनीने डोळे पुसले.

"तिच्यापाशी आता काय बाकी राहिलं, गुरुजी?"

गुरुजी चालता चालता थांबले.

"दशांशात बाकी ठेवत नाहीत, कामिनी... शून्य घ्यायचं, आणि पुढे भागायचं."