बांधापलीकडचा ढीग

“...मग माझी सेवा पोचली की नाही, बुवा?”

पद्मजाताईंनी सोपानबुवांना विचारलं. वाघजाईच्या देवळाची पूजाअर्चा बुवांकडे होती, आणि टेकडीवरच्या झाडांची राखणही. पायरीवर बसून ते धुक्याकडे बघत राहिले.

टेकडी शहराच्या ऐन मध्यावर. पण श्रावणातल्या त्या सकाळी शहर कुठे दिसतच नव्हतं. खालचे भोंगे वर येईस्तोवर मऊ होत होते, जणू पाण्याखालून कुणी हाका मारतंय.

पद्मजाताईंचा सव्वा महिन्याचा नेम आज पुरा होत होता. रविवारी श्रमदानाला जमणारी मंडळी घाणेरीची झुडपं उपटायची, झऱ्यातला गाळ काढायची. पद्मजाताई मात्र रोज यायच्या. पारोशा नाही, न्हाऊन, सोवळ्यानं, अनवाणी. जुन्या जांभळींखालची जमीन झाडायच्या.

लेकीसाठी. ऋजुताला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा चौथा महिना काही पार पडला नव्हता. आता तिसऱ्यांदा चौथा सरत आला होता.

देवघर झाडावं तशी त्यांनी टेकडी झाडली. पान म्हणून राहू दिलं नाही. ताईंच्या हद्दीत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात, अशी मंडळी चेष्टा करायची. वरवर त्या रागवायच्या; आतून त्यांना ते फार गोड वाटायचं.

“बाकीच्यांची जमीन बघा आणि माझी बघा,” त्या म्हणाल्या. “काडी सापडायची नाही.”

“नाहीच सापडायची.”

“मग?”

“इथली घाणेरी काढून तीन वर्षं झाली, माय. ह्या जांभळींखाली आपसूक पोरं उगवावीत म्हणून सगळे वाट बघतायत...” बुवा थांबले. “तुम्हाला दिसलं का एखादं?”

पद्मजाताईंनी वळून पाहिलं.

जमीन तळहातासारखी लख्ख होती. झाडूच्या रेघा तेवढ्या उमटल्या होत्या. एक रोप नव्हतं.

पानांबरोबर आपण बियाही लोटत होतो, रोज, न चुकता... आणि तेही कुणासाठी! पुढचं त्यांना मनातसुद्धा म्हणवेना.

“केर कुठं टाकत होता?” बुवांनी विचारलं.

बांधापलीकडे, त्यांनी हातानंच दाखवलं. बुवा उठले. पुढे धुकं, धुक्यात बुवा, आणि मागून पद्मजाताई. चार पावलांची वाट, पण त्यांना वाटलं आपण कितीतरी वेळ चालतो आहोत.

ढीग गुडघाभर झाला होता. ओला, काळपट. गुरू मानलेल्या बुवांनी आपला केर बघावा याची त्यांना लाज वाटली.

“हात घाला.”

“बुवा, मी सोवळ्यात आहे.”

बुवांनी ढिगाकडे बोट केलं.

पद्मजाताईंनी पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि डोळे मिटून हात आत घातला.

आत ऊब होती. झोपलेल्या बाळाच्या दुपट्यात असते तशी.

बोटांना काहीतरी लागलं. दोरा म्हणावा तर जिवंत. त्यांनी हलकेच पानं बाजूला केली... जांभळाची बी फुटली होती. तिच्यातून फिकट लालसर कोंब मान वाकवून वर निघाला होता. एका बीतून एक नव्हे, दोन. तिच्याशेजारी आणखी एक बी. मग आणखी.

त्यांनी तिथंच गुडघे टेकले. धुकं त्यांच्या केसांवर बसत होतं.

“मी तर टाकून दिलं होतं, बुवा...”

“हो.”

“तरीसुद्धा?”

बुवा नुसते हसले.

पद्मजाताईंना आता राहवेना. त्यांनी आणखी एक थर उकलला, मग त्याखालचा. किती आहेत, कसे आहेत, सगळं बघायचं होतं त्यांना. फोटो काढून आत्ताच्या आत्ता ऋजुताला पाठवायचा होता. फोन हातात घेतल्यावर तिचं कालचं बोलणं आठवलं. आई, दिवसातून चारदा नको ना विचारूस, तू विचारलंस की मला भीती वाटते, असं म्हणून तिनं फोन ठेवला होता.

फोन तसाच हातात राहिला.

“जगेल ना, बुवा?”

काय, ते बुवांनी विचारलं नाही. ते खाली वाकले. ओंजळभर ओली पानं उचलून त्यांनी पद्मजाताईंच्या हातात दिली.

“बघितलंत ना, माय... आता झाका.”